बावनकशी

त्या विमान कंपनीत खुर्ची मिळण्याआधी माणसाला काट्यावर उभं राहावं लागे. मोठ्या विमानतळांवर बॅगा तोलतात. इथे बॅगेसकट बॅगेचा मालकही तोलला जाई. विमानं इनमिन तीन, त्यातलं एक कायम हँगरमध्ये पोट उघडून पडलेलं. प्रत्येकात एकोणीस खुर्च्या. एवढ्याशा विमानात पुढे जड माणसं जास्त झाली की नाक खाली जातं, मागे जास्त झाली की शेपूट. म्हणून कोण किती किलोचा आणि त्याला कुठल्या रांगेत बसवायचं, हे दर उड्डाणाआधी ठरवून एका तक्त्यावर लिहावं लागे. हे काम एकतीस वर्षं ज्यांनी केलं त्यांना सगळे काटेमामा म्हणत. आडनाव काटे नव्हतं. नाव पडलं ते काट्यावरून.

कंपनी लहान असली तरी रिकामटेकडी नव्हती. डोंगरापलीकडच्या शहरात रस्त्याने जायचं तर अकरा तास, विमानाने चाळीस मिनिटं. त्यामुळे प्रवासी, टपाल, औषधाची खोकी, अडलेली बाळंतीण, सगळं हीच विमानं नेत. शिवाय दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करणं, शेतांवर फवारणी करणं, वाऱ्यापावसाची खबर देणं अशी चार कामं वर. मालकीणबाई स्वतः जुन्या वैमानिक. त्या म्हणत, "पेट्रोल संपलं तर मी भरीन, वैमानिक आजारी पडला तर मी उडवीन, पण मामांनी सही केली नाही तर माझा इलाज नाही." तक्त्याखाली मामांची सही असल्याशिवाय चाक हलत नसे.

ती सही मामांकडे आली त्यालाही कारण होतं. त्यांच्या आधीचे गृहस्थ नजरेने अंदाज बांधून आकडे टाकत. बहुतेक वेळा जमलं. एकदा नाही जमलं, आणि विमानाची शेपूट धावपट्टीवर घासली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण ते गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. तेव्हा हमाली करणाऱ्या मामांना काट्याशी उभं केलं गेलं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी गाठ मारली: डोळा फसेल, हात फसेल, काटा फसणार नाही. खरं तर त्यांचा डोळा आणि हात दोन्ही पक्के होते. समोरून चालत येणाऱ्या माणसाचं वजन ते अर्ध्या किलोच्या फरकाने सांगत. पोतं उचललं की आकडा आपोआप तोंडात येई. हमाल त्यांच्याशी चहाच्या पैजा लावून किती चहा हरले त्याची गणती नाही. पण तो चेष्टेचा भाग. लिहिताना काटा म्हणेल ते.

काट्याची तबकडी मामांकडे तोंड करून असे, प्रवाशांकडे पाठ. आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, हा मामांचा दंडक. वजन ही ज्याची त्याची खासगी गोष्ट, ती चारचौघांत पुकारायला हा काही लिलाव नाही, असं त्यांचं म्हणणं. ते आकडा लिहीत आणि नुसता रांगेचा नंबर सांगत. एकदा एक बडं प्रस्थ पहिल्याच रांगेत बसणार म्हणून हटून बसलं. मामा नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या शब्दाला वजन आहे असं ऐकून आहे. पण मला फक्त अंगाचं मोजता येतं. रांग सहावी." प्रस्थ सहाव्या रांगेत गेलं.

तर असे हे नाकासमोर चालणारे मामा. त्यांचं लग्नही काट्यावरच जमलं.

कंपनीने खुर्च्यांना नवी कव्हरं शिवायला एक शिवणकाम करणारी मुलगी नेमली होती. हँगरच्या कोपऱ्यात पत्र्याच्या भिंतीची एक खोली तिला दिली, तिथे तिचं मशीन. वारा कुठून वाहतो ते दाखवणारी कापडी नळी धावपट्टीच्या कडेला उभी असते, तीही तीच शिवायची. कापड निवडायला म्हणून ती पहिल्यांदा विमानाने निघाली आणि काट्यावर येऊन उभी राहिली.

"किती?" तिने विचारलं.

"आम्ही सांगत नाही."

"माझं वजन, आणि मलाच नाही सांगणार? वा रे न्याय."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मागे रांग होती. "बावन्न," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे बावनकशी," ती म्हणाली आणि हसत उतरली. मामा आकडा लिहायला विसरले. कप्तानाने तक्ता परत पाठवला, एकतीस वर्षांत परत आलेला तो पहिला तक्ता. वर्षाच्या आत लग्न झालं. तेव्हापासून घरात तिला हाक मारायची ती बावनकशी अशीच, आणि रागावलं की नुसतं 'अगं ए'.

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने केलं आणि मग सोडून दिलं. सकाळी दोघं एकाच सायकलवरून कामावर येत, दुपारी तिच्या खोलीत एकाच डब्यातून जेवत. कामाच्या निमित्ताने वर्षातून चारसहा वेळा ती विमानाने जायची, आणि दर वेळी काट्यावर उभी राहून विचारायची, "किती?" मामा खरं तेच सांगत. कधी एक्कावन्न, कधी त्रेपन्न, एकदा चक्क पंचावन्न.

"अहो, बायकोला पंचावन्न सांगतात का कुणी?" ती म्हणाली होती. "एकदा तरी नवऱ्यासारखं खोटं बोला."

"काटा पंचावन्न म्हणतोय."

"काट्याशीच लग्न करायचं होतं मग."

अशी ती दोघं. मग दुखणं आलं.

दुखण्याचं नाव मामा घेत नसत, आपणही घेऊ नये. डोंगरापलीकडच्या शहरातल्या इस्पितळात दर तीन आठवड्यांनी जाऊन औषध शिरेतून घ्यायचं होतं. पहिल्या खेपेला मामा बरोबर गेले. डॉक्टर बरंच काही बोलले. मामांच्या लक्षात त्यातलं एकच वाक्य राहिलं, कारण तेवढंच त्यांच्या भाषेत होतं. "वजन टिकलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "वजन टिकलं तर औषध चालू ठेवता येईल. नाहीतर शरीराला ते झेपणार नाही."

त्या दिवशी कंपनीची दोन उड्डाणं रद्द झाली होती, सही करायला कुणी नव्हतं म्हणून. पुढच्या खेपेला तिनेच त्यांना अडवलं. "तुम्ही आलात की अडतीस माणसांचं जाणं राहतं. त्यांच्यातही कुणी आजारी असेल. तिकडे माझी बहीण येतेय ना विमानतळावर." मालकीणबाईंनी तिसऱ्या रांगेतली खिडकी तिच्यासाठी ठेवून दिली होती. मामा काट्यापाशी राहिले.

आणि खरं म्हणजे मामांचं इस्पितळ तो काटाच होता. दर तीन आठवड्यांनी ती समोर उभी राहायची आणि मामा तबकडीकडे बघायचे. पहिल्यांदा एक्कावन्न. मग एकोणपन्नास. मग साडेसेहेचाळीस.

"किती?" तिने विचारलं.

मामांनी सांगितलं. सांगताना आवाज नेहमीचाच ठेवला, पण चेहऱ्याला काही तबकडीसारखी पाठ फिरवता येत नाही. त्या दिवशी त्यांनी दोन प्रवाशांच्या रांगा उलटसुलट लिहिल्या आणि कप्तानाकडून तक्ता परत आला, दुसऱ्यांदा. पुढचे आठ दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. तिचं जेवण वाढायचे, समोर बसून प्रत्येक घास डोळ्यांनी मोजायचे, स्वतःचं ताट तसंच उचलून ठेवायचे. मोरीचा नळ मोठा सोडून आत रडायचे. ती आजारी होती, आंधळी किंवा बहिरी नव्हती.

चौथ्या खेपेला काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

मामांनी तबकडीवर टिचकी मारली. अठ्ठेचाळीसच. पाचव्या खेपेला साडेएकोणपन्नास. मामांनी ओळीने चार माणसांना चहा पाजला आणि कारण विचारल्यावर "असंच" म्हणाले. हँगरमधल्या मिस्त्रीला मात्र त्यांनी कारण सांगितलं. हा मिस्त्री वीस वर्षं त्या पत्र्याच्या खोलीच्या शेजारी इंजिनं उघडत होता, मामांच्या बायकोला वहिनी म्हणायचा, तिच्या डब्यातलं हक्काने खायचा.

"औषध लागू पडतंय रे," मामा म्हणाले. "काटा वर चढतोय."

"चांगलं आहे, मामा," मिस्त्री म्हणाला आणि हातातला पाना उगाच पुसत बसला.

आता खरं सांगायचं तर मामांना दिसत नव्हतं असं नाही. तिची अंगठी बोटातून निसटायला लागली होती. तिने ती दोरा गुंडाळून घट्ट केली होती. गालाची हाडं वर आली होती. घरात ती दोन झगे एकावर एक घालायची, थंडी वाजते म्हणून. विमानाने जाताना एक लांब गरम कोट घालायची, तो तिच्या शिवणाच्या खोलीतच खुंटीला असायचा. ती त्या खोलीतून कोट घालून यायची आणि परत आल्यावर तिथेच ठेवायची. तिच्याकडे बघितलं की मामांचा डोळा आपोआप म्हणायचा, बेचाळीस. मामा डोळ्याला दटावायचे. डोळ्याचं वय झालं, त्यात तो नवऱ्याचा डोळा, घाबरलेला. काटा कशाला घाबरेल?

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी काटा तपासला. कंपनीकडे वीस-वीस किलोची लोखंडी वजनं होती, शिक्का मारलेली. महिन्यातून एकदा ती ठेवून बघायचा नियम; मामांनी त्या महिन्यात पाच वेळा बघितलं. वीस ठेवले की वीस, चाळीस ठेवले की चाळीस. काट्यात तसूभर खोट नव्हती. माणसाला जे हवं असतं तेच काटा दाखवत असेल, तर तो माणूस काट्यावर संशय घेईलही, पण फार वेळ घेणार नाही.

"चेहरा का असा दिसतो गं?" त्यांनी एकदा विचारलंच.

"चेहरा आधी उतरतो आणि सगळ्यात शेवटी भरतो," ती म्हणाली. "डॉक्टरच म्हणाले." मामांचं समाधान झालं.

सातव्या खेपेचा दिवस वाऱ्याचा होता. तिने शिवलेली ती कापडी नळी खांबावर आडवी ताठ झाली होती. अकराचं उड्डाण. ती मिस्त्रीच्या दंडाला धरून हँगरकडून हळूहळू आली, मध्ये दोनदा थांबली, काट्यावर चढली. काटा हलला, पुढेमागे झाला आणि स्थिर झाला.

मामांनी तबकडीकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"बावन्न," ते म्हणाले. हळू नव्हे. मोठ्याने, तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं. आयुष्यभराचा दंडक त्यांनी सगळ्या प्रवाशांसमोर मोडला. खिडकीवरच्या ताई बाहेर आल्या. कशाबद्दल ते न कळताही दोनचार प्रवासी हसले. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

"आज मोठ्याने बोललात," ती म्हणाली.

"बावन्न आहे तर बोलणार."

तिने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने जमिनीकडे.

विमान चाळीस पावलांवर उभं होतं. मामा तिला पोचवायला निघाले, तसे ते दर वेळी जात. आज मिस्त्रीही मागोमाग आला. शिडीला पाच पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा वाकला तो सरळ झालाच नाही, आणि ती मागच्या मागे मिस्त्रीच्या अंगावर आली. डोळे मिटलेले. कप्तान दारातून ओरडला, "कोट काढा, मोकळा श्वास घेऊ द्या त्यांना."

"कोट राहू दे," मिस्त्री म्हणाला. जरा जास्तच घाईने म्हणाला.

पण मामांनी तोवर बटणं सोडली होती. बाह्या खेचल्या आणि कोट खाली टाकला. कोट पडल्याचा जो आवाज झाला तो कापडाचा नव्हता. मामांनी तो ऐकला, पण तेव्हा त्यांचं चित्त तिथे नव्हतं. त्यांनी खाली वाकून एक हात तिच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि तिला उचललं.

आणि हातांनी आकडा सांगितला. मामांनी विचारला नव्हता. एकोणचाळीस.

वारा चालू होता, लोक बोलत होते. मामा तिला घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी खाली पडलेल्या कोटाकडे बघितलं, मिस्त्रीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि वेगळं कुणी काही सांगायची गरज उरली नाही. जगाला तोलणाऱ्या माणसाच्या घरात दोन महिने हे चाललं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते तिला कळायला एक क्षण लागला. कोट अंगावर नाही हेही कळलं असावं. वर बघत तिने विचारलं, नेहमीसारखंच, "किती?"

"बावन्न," ते म्हणाले.

ती हसली. ओठ सुकलेले होते, पण हसली. "शेवटी बोललात एकदाचं नवऱ्यासारखं," ती म्हणाली. आणि मग लगेच, "कोट आणा. माझ्या रांगेतच पाहिजे तो. नाहीतर तुमचा तक्ता चुकेल."

मामांना रडू फुटलं ते या वाक्यावर.

मालकीणबाई तोवर येऊन उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, तुम्ही बरोबर जा. दुपारचं उड्डाण राहू दे." तिला तिच्या खुर्चीत बसवून मामांनी परत काट्याशी जाऊन नवा तक्ता लिहिला. एका प्रवाशाने आपणहून जागा सोडली. मामांनी कोट काट्यावर ठेवला: तेरा किलो. तिसरी रांग, खिडकी: एकोणचाळीस, अधिक कोट तेरा. तिसरी रांग, आतली बाजू: बहात्तर. हे बहात्तर स्वतःचे. आकडे नेहमीसारखेच सुवाच्य होते. सही केली.

विमान वर गेलं. कोट तिच्या मांडीवर होता. मामांनी त्याच्या काठावरून हात फिरवला. अस्तराच्या आत, एकेका लहान खणात, चपट्या जड पट्ट्या होत्या.

"शिसं आहे," ती म्हणाली. "एका मोडीत काढलेल्या विमानातलं. तोल साधायला बसवतात ना, त्या पट्ट्या. मिस्त्री भाऊजींना काही बोलू नका. मी त्यांना शपथ घातली होती. अळीमिळी गुपचिळी."

"का पण?"

"साडेसेहेचाळीसला तुमचं तोंड बघितलं. मला माझं दुखणं पेलवत होतं हो. तुमचं तोंड पेलवेना."

"आणि इस्पितळात? तिथे काय कोट घालून..."

"तिथला काटा खरं सांगत होता." ती खिडकीबाहेर बघत होती. "दोन खेपांपूर्वीच औषध बंद केलं त्यांनी. मी बहिणीकडे जाते, दुपारभर झोपते आणि परत येते. गेले नसते तर तुम्हाला कळलं असतं."

मामांना राग आला. खूप राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. "म्हणजे ते दिवस," ते म्हणाले. "ते दिवस तू मला दिले असतेस तर. घरी राहिली असतीस."

"दिले असते तर तुम्ही ते मोजत बसला असता," ती म्हणाली.

ते खरं होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. दोरा गुंडाळलेली अंगठी तळव्याला लागत होती. थोड्या वेळाने कप्तानाने मागे वळून, गरम होत असेल तर कोट मागच्या खणात ठेवू का, असं विचारलं. तिने मान हलवली. मग मामांना म्हणाली, "हे दर वेळी विचारतात. मी म्हणते, नको, याची जागा ठरलेली आहे. घामाने भिजायचे, पण उतरेपर्यंत काढला नाही कधी. तुमच्याशी खोटं बोलले, तुमच्या विमानाशी नाही बोलले."

त्याच विमानाने दोघं परत आली. इस्पितळात गेलीच नाहीत. बहीण विमानतळावर भेटली, तिघं बाकावर बसून चहा प्याली.

त्यानंतर ती घरीच होती. मामांनी रजा घेतली. मालकीणबाईंनी दुसऱ्या कंपनीतून काट्यासाठी माणूस मागवला. मामा तिला उचलून खिडकीशी नेत, परत आणून निजवत. हातांनी सांगितलेला आकडा ऐकायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तेवढं मात्र त्यांना जमलं. ती त्यांना खुर्चीवर बसवून टाका घालायला शिकवायची. "माझ्यामागे बटणं कोण लावणार तुमची?" म्हणायची. मामांचे टाके वाकडे यायचे आणि ती खुदकन हसायची. त्या दिवसांत आपण काहीच मोजलं नाही, असं मामा सांगतात. पण ते तेवीस दिवस होते, हेही त्यांनीच सांगितलं.

ती एका दुपारी गेली. जेवणानंतर डोळा लागला आणि उघडला नाही.

मामा कामावर परतले तेव्हा महिनाभर मिस्त्रीशी बोलले नाहीत. तो समोरून आला की ते तक्त्यात डोकं घालत. मग एके दिवशी मिस्त्रीच कोट घेऊन काट्याशी आला. त्या दिवशी दोघं विमानाने परतल्यावर त्यानेच तो तिच्या खोलीतल्या खुंटीला अडकवला होता.

"मामा, हे तुमचं आहे. शिसं काढून द्या, मी मोडीत टाकतो. कोट तुम्हाला राहील." मग म्हणाला, "मला माफ करा असं नाही म्हणत. वहिनी परत म्हणाल्या असत्या तर मी परत दिलं असतं."

मामांनी कोट घेतला. दुपारी तिच्या खोलीत बसून, तिची छोटी कात्री घेऊन ते अस्तर उसवायला लागले. आणि कात्री तशीच हातात राहिली. आधीच्या खणांचे टाके बारीक, एकसारखे होते, तिचे नेहमीचे. पुढे पुढे ते लांब होत गेले होते. शेवटच्या दोन पट्ट्यांवर तर दोरा कसाबसा ओढलेला होता, गाठ सुटत आलेली. तो कुणी नवशिक्याने घातल्यासारखा टाका होता, मामांच्या टाक्यासारखा. काट्याने सांगितलं नाही ते सगळं त्या शिवणीत लिहिलेलं होतं, आणि मामांनी कधी कोट उलटा करून पाहिला नव्हता. त्यांनी सुईत दोरा ओवला, सुटत आलेली गाठ पक्की केली आणि कात्री जागेवर ठेवली.

मिस्त्रीला त्यांनी दुसऱ्या दिवशी हाक मारली. "चहा घेणार का रे?" एवढंच. पण ते पुरलं.

काटा महिन्यातून एकदा लोखंडी वजनांनी तपासायचा हा नियम अजून आहे आणि मामा तो पाळतात. पण रोज सकाळी, पहिला प्रवासी यायच्या आधी, ते काट्यामागच्या खुंटीवरचा कोट काढून, घडी घालून काट्यावर ठेवतात. तेरा. काटा तेरावर थांबला की दिवस सुरू करायचा. हे कुठल्या नियमात बसत नाही आणि मालकीणबाईंना ठाऊक आहे. त्या चालू देतात.

"मामा, काटा बरोबर आहे ना?" खिडकीवरच्या ताई विचारतात. रोजच्या नोंदीसाठी त्यांना विचारावंच लागतं.

"काट्याचं कधीच काही चुकलं नव्हतं, ताई," मामा म्हणतात.

मग ते कोट उचलतात. दोन्ही हातांनी, एक हात वरून, एक खालून. खुंटीला लावतात, कॉलर सारखी करतात. पहिला प्रवासी काट्यावर येऊन उभा राहतो. मामा आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, बराच वेळ, इतका की माणसं अवघडतात. आणि मग तबकडीकडे.